भाच्यास पत्र

सेवाग्राम

चि. गोलू,

परवा फोनवर दहा मिनिटं तुरीचं सांगितलंस आणि ठेवता ठेवता पुटपुटलास, "मामाजी, मागच्या जागी खाज येते, तीन महिने झाले." एवढा काय लाजून राहिला बाप्पा! 1936 साली गांधीजी इथे राहायला आले, ते संडास-मैल्याबद्दल चारचौघांत बोलत.

साबणाने तीनदा धुतोस, वर मगात जंतुनाशक टाकतोस, तिथेच बिघडतंय. कातडीचं तेल निघून जातं, ती कोरडी पडून खाजते. खाजवलं की सोलते, सोललेली आणखी खाजते. मीही चाळिशीत हेच केलं. मेडिकलवाल्याने "मूळव्याधच असंल" म्हणत ट्यूब दिली. चार दिवस स्वर्ग! दोन महिन्यांनी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आणि कडेने गजकर्णाचं लाल कडं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं.

नुसत्या पाण्याने धू. जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपून घे, घासू नकोस. हिंगणघाटला जिनिंगमध्ये दिवसभर कापूस पाहतोस आणि अंगात नायलॉनची चड्डी, वर जीन्स. भर उन्हात मोटारसायकलवर काय होणार? सहा कप चहा आणि पोह्यावरची तर्री पंधरा दिवस सोडून बघ. सगळ्यांनाच बाधते असं नाही, पण कळेल तरी.

रात्री पाठ टेकल्यावरच जास्त खाजतं का? मग जंत असू शकतात. सुतासारखी पांढरी मादी रात्री बाहेर येऊन तिथेच अंडी घालते. ती नखांत, चादरीत जातात. पोरगीही खाजवते का, बघ. शाळेत 10 फेब्रुवारीला वाटतात तीच अल्बेंडाझोलची गोळी. डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, दोन आठवड्यांनी पुन्हा. सूनबाईला दिवस असतील तर आधी तसं सांगा. नखं काप, चादरी गरम पाण्यात टाक.

शुगर तपासून घे, तुझ्या आजोबांना होती. रक्त पडत असेल, गाठ लागत असेल, शौचाची सवय बदलली असेल तर मात्र एक दिवसही थांबू नकोस.

नाहीतर सोमवारी कस्तुरबा रुग्णालयात ये, मी चिठ्ठी काढून ठेवतो. डॉक्टर बोटाने तपासतील, घाबरू नकोस, मिनिटभराचं काम. आणि तूही अशी एखादी ट्यूब लावत असशील तर ती फेकू नकोस, खिशात घालून आण. तिच्यात काय आहे ते त्यांना वाचायचं असेल.

तुझा मामा