‘ईआर निगेटिव्ह’ म्हटलं तरी एकदा विचारा

कुवेतमध्ये अम्गराला यार्डात नाहीतर गोदामात काम करणाऱ्या आमच्यासारख्या बहुतेकांची बायकामुलं गावीच असतात. घरचं आजारपण आम्हाला कळतं ते व्हॉट्सॲपवर आलेल्या रिपोर्टाच्या फोटोतून. माझ्या बायकोच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या रिपोर्टातल्या एका ओळीने सगळे उपचार भलत्याच वाटेला लागणार होते. ती ओळ कुठली, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

ऑपरेशन आमच्या जिल्ह्यातल्या एका लहान हॉस्पिटलात झालं. काढलेली गाठ प्लॅस्टिकच्या बरणीत घालून मेहुण्याच्या हातात दिली आणि ‘लॅबला पोचवा’ म्हणाले. बरणीत फॉर्मॅलिन जेमतेम गाठीच्या बुडाला लागेल एवढं. मध्ये रविवार आला, लॅब बंद, बरणी तशीच पडून राहिली. रिपोर्ट आला: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-2 निगेटिव्ह. म्हणजे हार्मोनच्या गोळीचा उपयोग नाही, केमोथेरपी हाच काय तो आधार, असं आम्हाला सांगितलं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. स्तनातल्या दूधनलिकांच्या काही पेशींत हे प्रथिन मुळातच असतं. रक्तातून आलेलं इस्ट्रोजेन पेशीत शिरून त्याला चिकटतं, तशी त्याची घडण बदलते आणि ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं. मग सायक्लिन डी1 सारखी प्रथिनं तयार होऊ लागतात. हे सायक्लिन सीडीके4 आणि सीडीके6 या एन्झाइमांना कामाला लावतं. पेशीला विभागणीपासून रोखून धरणारं आरबी नावाचं प्रथिन असतं, त्याची पकड ही एन्झाइमं सैल करतात. पकड सुटली की पेशी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढायला घेते, आणि एकीच्या दोन होतात. निरोगी स्तनात रिसेप्टर असलेल्या पेशी सहसा स्वतः विभागत नाहीत, शेजारच्या पेशींना निरोप देतात. कॅन्सरमध्ये मात्र रिसेप्टरवाल्या पेशी स्वतःच वाढत सुटतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त गाठी अशा इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या असतात, म्हणून या एका तपासणीवर एवढं अवलंबून आहे.

मुंबईतल्या एका नातेवाइकाच्या आग्रहावरून स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक परळला टाटा हॉस्पिटलात पुन्हा तपासायला दिले. तिथे जे सांगितलं ते मी विसरणार नाही. त्याच स्लाइडवर गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिका होत्या. त्यांच्या काही पेशींना तरी रिसेप्टर दाखवणारा तपकिरी रंग चढायलाच हवा होता, पण एकीलाही चढला नव्हता. याचा अर्थ रिसेप्टर नव्हते असा नाही. तपासणीच भरवशाची नव्हती. ऑपरेशनच्या आधी सुईने काढलेला तुकडा मात्र लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेला होता. त्याचा ब्लॉक तपासला तेव्हा ईआर पॉझिटिव्ह निघाला, ऑलरेड स्कोअर 8 पैकी 8.

काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, तीही कापून, आतपर्यंत भिनेल अशी, गाठ पूर्ण बुडून वर भरपूर उरेल एवढ्या फॉर्मॅलिनमध्ये. निदान 6 तास, जास्तीत जास्त 72 तास. हे नातेवाइकाने सांभाळायचं काम नाही, पण बरणी हातात दिली जात असेल तर विचारायचा हक्क त्याला नक्की आहे.

पुढे टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी सुरू झाली, रोज 20 मिलिग्रॅम. यार्डात खालून रिगरने हात दाखवल्याशिवाय क्रेनवाला ओझं उचलत नाही. टॅमॉक्सिफेन रिगरची जागा अडवून उभं राहतं आणि हात वर करत नाही, असं मी बायकोला फोनवर समजावलं. गोळीने पेशी लगेच मरत नाही, तिला वाढायचा इशारा मिळत नाही. म्हणून गोळी रोज लागते. ‘गाठ तर काढली, आता गोळी कशाला? अंगात उष्णता होते,’ असं सांगणारी माणसं आमच्याही घरी येऊन गेली. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण त्यांच्या शब्दावर गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं. पाच वर्षं नीट घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने कॅन्सरमुळे होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून 2011 साली मांडलं गेलं. काही जणींना दहा वर्षंही घ्यावी लागते. या जातीचा कॅन्सर वीस वर्षांनीही उलटू शकतो.

गोळीचे त्रासही आहेत. अंगातून वाफा निघतात, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. पाळी गेल्यावर रक्त दिसलं किंवा भलत्या वेळी अंगावरून जाऊ लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण गर्भाशयाच्या अस्तरावर ही गोळी उलट इस्ट्रोजेनसारखी वागते. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर तेही सांगा. ही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं जोरकस रूप तयार होऊ देत नाहीत. आणि ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत.

कुवेत भारताच्या अडीच तास मागे. आम्ही कामाला लागेपर्यंत तिकडची ओपीडी अर्धी झालेली असते. म्हणून प्रश्न आदल्या रात्रीच लिहून सोबत जाणाऱ्याला पाठवा: गाठ फॉर्मॅलिनमध्ये कधी गेली? ईआर, पीआर, हर-2 तिन्ही तपासले का? निगेटिव्ह असेल तर निरोगी पेशींना रंग चढला होता का? सुईने काढलेल्या तुकड्यावर तपासणी पुन्हा करता येईल का? स्लाइड आणि ब्लॉक मागितले तर मिळतात. ते मागून घ्या आणि मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात दाखवल्याशिवाय ‘निगेटिव्ह’वर शिक्का मारू नका.