घरात किडनीचा आजार आहे? आधी या दोन तपासण्या करा
वडिलांचं डायलिसिस सुरू झालं की मुलांना पहिली धास्ती वाटते ती 'आता आपल्यालाही होणार का?' याची. मग कुणीतरी जनुकीय तपासणी सुचवतं. तिला खासगीत साधारण 15 ते 25 हजार रुपये लागतात. बहुतेक घरांनी एवढे पैसे आधीच घालू नयेत. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर) या दोन तपासण्या शहरातल्या लॅबमध्ये मिळून हजार रुपयांच्या आसपास होतात. लघवीच्या साध्या तपासणीत थोडं अल्ब्युमिन सुटून जातं, म्हणून एसीआरच मागा. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप असताना किंवा पाळीच्या दिवसांत नको. एसीआरचा आकडा 30 च्या वर आला तर घाबरू नका, पण तपासणी पुन्हा कराच.

क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढतात. तो 'सीकेडी-ईपीआय 2021' सूत्राने काढलाय का, हे रिपोर्टवर बघा. अमेरिकेतल्या जुन्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा सुमारे 16 टक्के वाढवून धरत. किडनी कागदावर बरी दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. हा सरळ अन्याय होता. 2021 च्या सूत्रातून वंश काढून टाकला. तिथे किडनीच्या आजाराशी जोडलेल्या एपीओएल1 जनुकाचीही बरीच चर्चा होते. पण त्याची धोकादायक रूपं मुख्यतः पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात. आपल्याकडे निव्वळ त्यासाठी पैसे मोजू नका.

पॉलिसिस्टिक किडनीचं, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, मात्र वेगळं आहे. आई किंवा वडिलांना तो आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. इथेही सुरुवात सोनोग्राफीनेच करा. खर्च साधारण हजार ते दोन हजार. चाळिशीनंतर एकही गाठ दिसली नाही तर चिंता जवळपास मिटते. पंचविशीतला मुलगा वडिलांना किडनी द्यायला निघाला असेल, तर नुसत्या स्वच्छ सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. तिथे जनुकीय तपासणीचा खर्च सार्थकी लागतो.

ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. एसीआर मात्र सगळीकडे होईलच असं नाही, आधी विचारून जा. आणि भावंडांनाही सोबत न्या. धोका त्यांनाही तेवढाच आहे.