डबा घेऊन निघता, पण जाता कुठे?

प्रश्न : वय 44. नागापूर एमआयडीसीतली 11 वर्षांची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो, संध्याकाळी परततो. झोप उडालीय. माझ्यात धीरच नाही, तो कसा आणायचा?
– एक वाचक, सावेडी

उत्तर : धीर तुमच्यात आहे, पण तो सगळा लपवण्यात खर्च होतोय. आणि भीती वाटणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. आपल्या नगरच्याच भुईकोट किल्ल्यात मौलाना आझाद कैदेत असताना, 1943 मध्ये, त्यांच्या पत्नीचं निधन झालं. एवढा खंबीर माणूस, पण मनातलं मित्राला पत्रांतून सांगत राहिला, तीही तेव्हा पाठवता न येणारी! तुमचं माणूस तर घरातच आहे.

आज मुलं झोपल्यावर पत्नीला एवढंच सांगा : "नोकरी गेलीय. सांगायची हिंमत झाली नाही." त्या चिडतील, बहुधा नोकरीपेक्षा लपवल्याबद्दल. चिडू द्या.

मग दोघं मिळून हिशेबाला बसा. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सलग पाच वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे : दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. मिळाली नसेल तर लेखी मागा. न वाचता कशावरही सही नको. पीएफ एकदम मोडू नका आणि सावकाराची पायरी तर चढूच नका.

झोप तरीही येईना, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर मात्र थांबू नका, लगेच 14416 लावा. टेलि-मानसची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.