मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : दारापासून दारापर्यंतचे तास

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सरळ मोजले तर सुमारे 13,500 किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून पाहा: ती रशिया ओलांडून, उत्तर ध्रुवाजवळून अलास्काकडे उतरते. पण इथल्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमॉन्ट-सनीवेलमधली आमच्या ओळखीची बहुतेक घरे एक थांबा घेऊनच ये-जा करतात, आणि त्यांच्या अनुभवातून हे लिहीत आहोत.

दुबईमार्गे आधी 3 तास आणि पुढे सलग 16. फ्रँकफर्टमार्गे साधारण 9 आणि साडेअकरा. सिंगापूरमार्गे साडेपाच आणि साडेपंधरा. हवेतले एकूण तास सगळीकडे 19 ते 21, म्हणजे फार फरक नाही. फरक पडतो तो तास कसे विभागले जातात याने. तरुण माणूस 16 तास बसून काढतो. गुडघे दुखणाऱ्या आईला मात्र मध्यावर उतरून पाय मोकळे करता आले, तर पुढचा टप्पा सुसह्य होतो. आई-बाबांसाठी आम्ही तरी युरोपची वाट सुचवू. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. त्यात संकोच कसला? विमानतळावरची चाल खरोखरच लांब असते.

पॅसिफिकवर वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. म्हणून सिंगापूरहून इकडे येताना वेळ वाचतो आणि परत जाताना तेच विमान सतरा तासांच्या घरात जाते.

थांबा किमान अडीच-तीन तासांचा असावा आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. आमच्यातल्या एका कुटुंबाने पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटे काढली. पहिले विमान उशिरा पोचले, दुसरे निघून गेले, आणि नवे तिकीट स्वखर्चाने घ्यावे लागले. दोन लहान मुलांसह ती रात्र त्यांनी बाकावर काढली. न्यूयॉर्क किंवा शिकागोत विमान बदलणार असाल, तर इमिग्रेशन तिथेच होते आणि सहसा सामानही तिथेच उचलून पुन्हा द्यावे लागते. तिथे चार तास ठेवा.

पुण्याहून निघणाऱ्यांनी घाटातले तास धरायला विसरू नये, पावसाळ्यात तर नाहीच. पुणे-मुंबई चार तास, विमानतळावर तीन-चार, मग प्रवास, थांबा, इमिग्रेशनची रांग आणि इथल्या विमानतळावरून घरापर्यंतचा तास: घरातून निघून घरात शिरेपर्यंत तीस तास सहज होतात. औषधे आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा. ताजा कढीपत्ता आणू नका, तो चालत नाही. खाण्याचे जे काही असेल ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर सांगून टाका.

आई-बाबा एकटे येत असतील तर एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात विमानांचे क्रमांक, मुलाचा पत्ता आणि फोन लिहून तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी बाजू दाखवायची, मराठी स्वतः वाचायची.

घड्याळाचा हिशेब सोपा आहे. मार्च ते नोव्हेंबर इथली वेळ घ्या, सकाळची संध्याकाळ करा आणि अर्धा तास मिळवा: इथे रात्रीचे 8, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. हिवाळ्यात साडेनऊ. पहिले काही दिवस पहाटे तीनला जाग येतेच, तीही कडकडून भूक लागून. विमानतळावर न्यायला जाण्याआधी वरण-भात करून फ्रिजमध्ये ठेवा.