नाईलची मगर

आफ्रिका खंडातील या प्रचंड मगरीस नाईल नदीचे नाव मिळाले असले, तरी तिचा वावर त्या एका नदीपुरता नाही. केनियातील सरोवरांपासून दक्षिणेस थेट झांबेझी व लिंपोपो या नद्यांपर्यंत ती आढळते. खुद्द इजिप्तमध्ये मात्र आज ती मुख्यतः आस्वानच्या धरणामागील नासर सरोवरातच उरली आहे. प्राचीन इजिप्तच्या लोकांना तिचा एवढा धाक होता, की त्यांनी तिला देवत्व दिले. सोबेक नावाच्या मगरमुखी देवाचे भग्न देऊळ कोम ओम्बो येथे नाईलच्या काठी अजून उभे आहे.

पूर्ण वाढलेला नर चार ते पाच मीटर लांब असतो. सकाळी ही मगर वाळूवर जबडा उघडून निपचित पडलेली दिसते. ती जांभई देत नसते. ऊन फार झाले म्हणजे उघड्या तोंडावाटे तिचे डोके निवते. पाण्यात शिरली, की केवळ डोळे व नाकपुड्या तेवढ्या वर राहतात. मारा नदी ओलांडणाऱ्या नू नावाच्या हरणांच्या कळपाला तिचा सुगावाही लागत नाही. तिला चावून खाता येत नाही; म्हणून भक्ष्य दातांत पकडून ती पाण्यात गरगर फिरते व लचका तोडते.

परंतु याच जबड्याचे दुसरे रूप पाहण्याजोगे आहे. मादी काठच्या वाळूत खड्डा खणून पन्नासएक अंडी घालते व वाळूने झाकते. सुमारे तीन महिने ती तेथून फारशी हलत नाही, बहुधा उपाशीच राहते. कारण घोरपडी अंड्यांवर टपून असतात. पिलांपैकी नर किती व माद्या किती, हे घरट्यातील उष्णतेवर ठरते. दिवस भरले, की पिले अंड्यांतूनच ओरडू लागतात. ती हाक ऐकून आई वाळू उकरते, न फुटलेले अंडे जीभ व टाळू यांमध्ये अलगद दाबून फोडते आणि पिलांना तोंडात घेऊन पाण्यात सोडते. पूर्वी हे पाहणाऱ्यांस वाटे, की ती आपलीच पिले गिळते! ढोंगी रडण्यास आपण ‘नक्राश्रू’ म्हणतो. या आईच्या बाबतीत तो शब्द अन्यायाचाच म्हणावा लागेल.

एवढे करूनही फारच थोडी पिले मोठी होतात. बगळे, मोठे मासे, इतकेच नव्हे तर मोठ्या मगरीही त्यांना खातात. विसाव्या शतकाच्या मध्यास कातड्यासाठी मगरींची बेसुमार हत्या झाली. 1975 साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने या व्यापारास आळा बसला व अनेक ठिकाणी त्यांची संख्या पुन्हा वाढली. नदीवर पाणी भरणाऱ्यांची भीती मात्र त्यामुळे सरली नाही. काही गावांत लोक काठच्या उथळ पाण्यात खुंट रोवून कुंपण घालतात आणि त्याच्या आतच घागरी बुडवतात.