धर्मसत्ता आणि धर्मराज्य

'धर्मसत्ता' हा शब्द तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचला असेल. सत्ता म्हणजे अधिकार, हुकूमत. (पत्त्यांतल्या सत्त्याशी तिचा काही संबंध नाही!) धर्मगुरूंच्या हातची सत्ता ती धर्मसत्ता. काही ठिकाणी तर सारा राज्यकारभारच धर्मगुरूंकडे असतो. त्याला तुम्ही उर्दूत 'मजहबी हुकूमत' म्हणाल. व्हॅटिकन सिटी हे असे राज्य आहे. ते 1929 साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे 44 हेक्टर! पोप हे कॅथलिक पंथाचे प्रमुख असतात आणि या राज्याचेही.

आता 'धर्मराज्य' हा शब्द पाहा. तो धर्मसत्तेचा सख्खा भाऊ वाटतो आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. मराठीत धर्म म्हणजे केवळ मजहब नव्हे. कर्तव्य, न्याय, नीती असेही त्याचे अर्थ आहेत. शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणे हा 'शेजारधर्म'. मग तो शेजारी कोणत्याही मजहबचा असो. म्हणून जुन्या लेखनात 'धर्मराज्य' आले, की बहुधा न्यायाचे राज्य असा अर्थ घ्यावा. आज मात्र हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात. तेव्हा मागचेपुढचे वाक्य जरूर वाचा. सत्ता कोणाच्या हाती आहे हे लेखक सांगतो, की राज्य कसे चालते हे?

'युरोपात धर्मसत्ता व राजसत्ता यांच्यात दीर्घकाळ संघर्ष चालला.' या वाक्यात धर्मसत्तेऐवजी 'धर्मराज्य' घालून पाहा. वाक्य लगेच लंगडते.