मानेची शस्त्रक्रिया आणि श्वास

प्रश्न : मानेच्या मणक्यावरील शस्त्रक्रियेपासून वडिलांना उताणे निजताच धाप लागते, फुप्फुसे मात्र निर्दोष आहेत. असे का व्हावे?

उत्तर : श्वसनाचा मुख्य कारभार ज्या श्वासपटलाकडे आहे, त्याला हुकूम पोचविणारा मज्जातंतू मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या, विशेषेकरून चौथ्या, मज्जामुळातून निघत असल्यामुळे, त्या मुळांना इजा झाल्यास, क्वचितच का होईना, पटलाची एक बाजू लुळी पडते, आणि उताण्या स्थितीत पोटातील अवयव तिला वर रेटतात. तेव्हा ही तक्रार काल्पनिक खचित नव्हे. क्ष-किरणांच्या पडद्यावर, रुग्णाने जोराने हुंगताच, ती बाजू खाली उतरण्याऐवजी वर चढताना दिसते. पुष्कळांना काही महिन्यांत उतार पडतो. तोवर उशी उंच ठेवावी. ओठ निळसर पडल्यास वा गुंगी आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.